पुसण्याआधी पाणी

गेल्या दसऱ्याला पहाटे पाच वाजता आमच्या सोसायटीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये एकच दिवा जळत होता आणि मामांचं काम निम्म्यावर आलं होतं. मामा म्हणजे आमच्याकडे गाड्या पुसायला येणारे गृहस्थ. मूळचे लातूर जिल्ह्यातले, पुण्यात येऊन बारा वर्षं झाली. एक बादली, एक फडकं खांद्यावर, एक हातात. एरवी एका बादलीत पाच-सहा गाड्या उरकतात. दसऱ्याला मात्र पूजेआधी प्रत्येकाला आपली गाडी लखलखीत हवी असते, म्हणून त्या दिवशी बादली दोनदा जास्त भरली जाते.

सात वाजता ऊन आलं. कोपऱ्यातल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडलं आणि त्याभोवती बारीक रेघांचं एक गोल जाळं उमटलं, कोळ्यानं विणल्यासारखं. मी दोन पावलं सरकलो, तर जाळंही माझ्याबरोबर सरकलं. गाडीचे मालक हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभे होते. "कुणीतरी गोल गोल घासलंय," ते हळहळून म्हणाले.

गोल कुणी घासलं नव्हतं. बॉनेटवर सगळ्या दिशांना गेलेले हजारो बारीक ओरखडे होते. प्रकाशाच्या ठिपक्याला आडवे येणारे तेवढेच चमकतात, बाकीचे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ते नेहमी प्रकाशाभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. त्यातली प्रत्येक रेघ एका सकाळची होती. रात्रभर बसलेली धूळ फडक्याखाली सापडली, फडकं पुढं गेलं आणि धुळीचा कण रंगावर ओढला गेला. ऊन, पाऊस, पाखरं यांनी त्या गाडीचं नुकसान केलंच होतं. पण सगळ्यात जास्त रेघा तिला चकचकीत ठेवण्याच्या हौसेनं ओढल्या होत्या.

त्या सकाळपासून वर्षभर मी या एका गोष्टीच्या मागे लागलो. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या आयुष्यभर उघड्यावर उभ्या असतात. डोक्यावर छप्पर नाही, शेजारी बांधकाम, वर झाड, नळाला बोअरचं पाणी. अशा ठिकाणी रंग टिकतो कसा आणि जातो कसा?

केसाहून बारीक

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले माझे एक परिचित आहेत. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजणारं मुठीएवढं यंत्र आहे. ते त्यांनी माझ्या गाडीच्या दाराला टेकवलं. आकडा आला ११२. बॉनेटवर ९१. हे आकडे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. पत्र्यापासून बाहेरच्या झळाळीपर्यंत जे काही आहे, ते सगळं जेमतेम दीड केसाएवढं.

या दीड केसात चार थर बसवलेले असतात. आधी पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, पुढचा रंग धरून ठेवायला. मग गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीनं रंगाचे कण दाराच्या आतल्या पोकळ्यांपर्यंत जाऊन चिकटतात. हा साधारण २० मायक्रॉनचा थर गंजाविरुद्धची खरी तटबंदी. त्यावर प्रायमर, त्यावर १५ मायक्रॉनच्या आसपास खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणून हात लावतो, तो रंग नसतोच. तो हा पारदर्शक थर असतो.

"आणि हे एकदाच होतं," ते म्हणाले. हौदातला थर १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजतात, वरचा क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास. हे जमतं, कारण त्या वेळी गाडीत गाडी नसते. सीट नाही, वायरिंग नाही, रबर नाही, प्लॅस्टिक नाही, नुसता पत्रा. पुढं रस्त्यावर आलेली गाडी कुणी एवढी भाजू शकत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये होणारं काम वेगळ्या रसायनांवर चालतं, ६० अंशांच्या आसपास वाळतं. चांगल्या हातचं असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. पण कारखान्यातला पहिला रंग गेला की तो परत मिळत नाही. जुनी गाडी घ्यायला येणारा जाणता माणूस आधी रंग 'ओरिजिनल' आहे का विचारतो, तो याचसाठी.

निळं फडकं

मग आपण तो घालवतो कसा? याचं उत्तर मला माझ्या वडिलांच्या आठवणीत सापडलं.

वडिलांची फियाट होती, निळी. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यातली, जिला पुढं पद्मिनी नाव मिळालं त्याच घराण्यातली. त्या पिढीतल्या गाड्यांचे रंग बहुतेक एकपदरी असत. वर पारदर्शक थर नसे, रंगद्रव्य थेट उन्हाला सामोरं जाई. दोन उन्हाळ्यांत त्यावर खडूसारखी भुकटी धरायची. मग रविवारी वडील पॉलिशचा डबा काढायचे, जुन्या धोतराचा तुकडा घ्यायचे आणि पांढुरका थर घासून काढायचे. खालून ताजा निळा रंग वर यायचा. फडकं निळं व्हायचं. ते मी साबणात धुवायचो आणि पाणीही निळं व्हायचं.

त्या रंगाला ते घासणं मानवायचं, कारण मेलेला थर काढल्याशिवाय जिवंत थर दिसत नसे. शिवाय रंग किती गेला हे फडक्यावर कळायचं. आई म्हणायची, "पुरे आता, पत्रा दिसेल." वडील थांबायचे.

आपल्याकडे क्लिअर कोटच्या गाड्या सर्रास झाल्या त्यालाही आता बराच काळ लोटला. पद्मिनी टॅक्सी तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निघूनही गेली. घासण्याची सवय मात्र राहिली. गॅरेजच्या कामांच्या यादीत 'रबिंग-पॉलिश' अजून असतं आणि आपण दिवाळीच्या तोंडावर हौसेनं ते करून घेतो. बफिंग मशीन फिरतं, ओरखडे गायब होतात, गाडी आरसा होते. ओरखडा 'निघतो' म्हणजे तो भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळाएवढा खाली आणला जातो. दर खेपेला काही मायक्रॉन जातात. आणि आता फडकं निळं होत नाही. जातो तो थर पारदर्शक असतो, त्यामुळे जाताना दिसत नाही.

माझ्या पहिल्या गाडीचं हेच झालं. मरून रंगाची होती. सलग सहा वर्षं दर दिवाळीला मी तिचं रबिंग करून घेतलं. सातव्या उन्हाळ्यात टपावर पांढरा चट्टा दिसला. नखानं खरवडला, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. दोन महिन्यांत चट्टा बॉनेटवर उतरला. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये डेंटिंग-पेंटिंगचं काम करणारे उस्ताद गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "साहेब, हिला उन्हानं मारलं खरं, पण तिची छत्री आधी तुम्हीच काढून घेतली." क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं घातलेली असतात. थर पातळ झाला की ती छत्रीही विरळ होते. मग किरण खालच्या रंगापर्यंत पोचतात, दोन थरांमधली पकड सुटते आणि साल निघू लागते. आधी टप, मग बॉनेट, कारण ऊन त्यांच्यावर उभं पडतं. एकदा साल सुटली की कोणतंही पॉलिश ती चिकटवू शकत नाही. तो भाग खरवडून पुन्हा रंगवावाच लागतो.

बारा महिने उघड्यावर

उघड्यावरच्या गाडीचं एक पंचांग असतं. ते समजलं की निम्मं काम झालं.

दसऱ्याला झेंडूची माळ येते. माळ ओली असते, तिच्या सुतळीची गाठ वाऱ्यावर बॉनेटला घासत राहते आणि सुकलेल्या पाकळ्यांखाली ओल धरते. माळ जरूर घालावी, पण ती जाळीला किंवा आरशाला बांधावी आणि दुसऱ्या दिवशी उतरवावी. हळदीचा पिवळा डाग उन्हात आपसूक फिकट होतो. कुंकवाचा कृत्रिम रंग मात्र चिवट असतो. स्वस्तिक काचेवर काढलं तर देवही प्रसन्न आणि रंगही सुरक्षित.

दिवाळीत भुईनळ्याची ठिणगी क्लिअर कोटवर पडली की सुईच्या टोकाएवढा खळगा करते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पुष्कळ जण काळजीपोटी गाडीवर कव्हर टाकतात. पॉलिस्टरचं कव्हर जळत्या ठिणगीनं वितळतं आणि रंगाला चिकटून बसतं. त्या रात्री गाडी फटाक्यांपासून लांब लावणं हाच उपाय. सकाळी तिच्यावर राखेचा आणि दारूच्या भुकटीचा थर असतो. त्यात गंधकाची संयुगं असतात, दव पडलं की ती ओली होतात. पाडव्याच्या आंघोळीत गाडीलाही घ्यावं.

मार्गशीर्ष-पौषात दव वाढतं. पुण्या-मुंबईत आज गल्लीगल्लीत पुनर्विकास चालू आहे. सिमेंटची धूळ गाडीवर बसते, पहाटे दवानं भिजते, दुपारी घट्ट होते. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, चुन्यासारखं पोळणारं. ही खपली कोरड्या फडक्यानं घासणं म्हणजे रंगावर वॉटर पेपर फिरवणं. रोजच्या रोज साध्या पाण्याचा हलका फवारा मारून ती वाहू दिली तर खपली धरतच नाही. धरलीच, तर पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर सावलीत थोडा वेळ लावला की चुना सुटतो, मग लगेच भरपूर पाणी. बोअरच्या जड पाण्याचे थेंब वाळून उरणारे पांढरे गोल डागही अशाच सौम्य आम्लानं निघतात. तेही चुन्याचेच भाऊबंद.

माघात आंब्याला मोहोर येतो आणि त्याबरोबर तुडतुडे. बागायतदार ज्याला चिकटा म्हणतात तो त्यांचा गोड स्राव झाडाखालच्या गाडीवर बारीक थेंबांनी सांडतो. त्यावर धूळ बसते, पुढं काळी बुरशी धरते. कोमट पाण्यात भिजवलेला कपडा दहा मिनिटं ठेवला की चिकटा विरघळतो. कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या डिंकालाही हाच उपाय. वैशाख-ज्येष्ठात जांभळाखाली लावलेल्या गाडीची अवस्था शहरातल्या कुणालाही सांगायला नको. सावली हवी म्हणून आपण झाडाखाली जातो आणि झाड आपलं भाडं वसूल करतं. तरीही भर मे महिन्यात सावलीच निवडावी, असं माझं मत. चिकटा धुता येतो, ऊन धुता येत नाही.

पाखरांना महिना नसतो. त्यांची विष्ठा पांढरी दिसते ती युरिक आम्लामुळे. उन्हानं तापलेला क्लिअर कोट किंचित सैल पडतो. त्यावर विष्ठेची खपली कडक होते. संध्याकाळी पत्रा निवतो, थर आकसतो आणि त्या खडबडीत खपलीचा ठसा त्यात उमटतो. उन्हाळ्याच्या एका दुपारी हे घडू शकतं. गाडीत एक पाण्याची बाटली आणि चार मऊ कपडे असावेत. कपडा भिजवून डागावर पाच मिनिटं ठेवायचा आणि मग उचलायचा. घासायचा नाही. विष्ठेत वाळूचे आणि बियांचे कण असतात.

मुंबईत रुळांलगतच्या इमारतींत पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. मालक घाबरतो, पत्रा आतून गंजला म्हणतो. ते गाडीचं लोखंड नसतं. ब्रेकमधून उडालेले लोहकण वाऱ्याबरोबर येतात, रंगात रुततात आणि तिथं गंजतात. त्यांच्यासाठी वेगळा द्राव मिळतो. तो फवारला की लोखंडाशी संयोग होऊन जांभळे ओघळ वाहू लागतात. रंगात असं काही रुतलंय का, हे बघायची सोपी रीत उस्तादांनी शिकवली. गाडी धुतल्यावर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा आणि बोटं पत्र्यावरून अलगद फिरवायची. काचेसारखं वाटायला हवं तिथं रवा पसरल्यासारखं लागलं, तर क्ले वापरायची वेळ झाली. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा. ओल्या, बुळबुळीत पृष्ठभागावर तो हलक्या हातानं सरकवला की रुतलेले कण उचलले जातात. वर्षातून एकदा पुरे. गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा.

आषाढ-श्रावणात कोकणचं दुखणं वेगळं असतं. तिथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेत कायम मीठ असतं. मीठ रंगाला थेट फारसं खात नाही. ते वाट बघतं. दगड लागून रंगाचा एखादा टवका उडाला की तिथून गंज शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. वर बघणाऱ्याला नुसता फोड दिसतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढवली असेल किंवा किनाऱ्याच्या वाळूपर्यंत नेली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवावी, आणि खालच्या बाजूनं आधी. काचेखालच्या पन्हळीत अडकलेली पानं काढावीत. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती चिखलानं बुजली नाहीत ना, हे काडी घालून बघावं. टवका दिसला की त्याच आठवड्यात टच-अपचा ठिपका द्यावा. तो शोभेसाठी नाही, गंजाचं दार बंद करण्यासाठी.

आणि भाद्रपदात गुलाल. तो कोरडा असताना फडक्याला हातसुद्धा लावू नये.

दोन बादल्या

या सगळ्या पंचांगात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: भिजवा, थांबा, वाहू द्या. आपल्या मातीच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. पण गाडीवर नुसती बसून राहिलेली धूळ ओरखडा काढत नाही. ती हलवली की काढते. म्हणून पाणी आणि वेळ नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी. काचा, आरसे, दिवे आणि नंबर प्लेट पुसावी आणि निघावं. झटकणीही नको. ज्या दिवशी धुवायची, त्या दिवशी नीट धुवावी.

नीट म्हणजे अशी. गाडी सावलीत असावी, पत्रा हाताला गार लागावा. आधी वरपासून खालपर्यंत नुसतं पाणी, कुठंही हात न लावता, म्हणजे सुटी धूळ आपोआप उतरते. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा किंवा मायक्रोफायबरचा कपडा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मळ सोडायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. दुसऱ्या बादलीच्या तळाशी साचलेला गाळ एकदा बघितला की एका बादलीत गाडी धुण्याची इच्छा मरते. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी, चाकांचा कपडा वेगळा. हात सरळ रेषेत. भांडी घासायचा साबण आणि कपड्यांची पावडर नको, कारण वर लावलेलं मेण ती धुऊन नेतात. शेवटी मोठा मायक्रोफायबरचा पंचा पत्र्यावर पसरायचा आणि पाणी पिऊ द्यायचं. रगडायचं नाही. जमिनीवर पडलेला कपडा त्या दिवशी पुन्हा गाडीला लागू नये. हे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत आणि त्यांना सुवासिक कंडिशनर लावू नये, त्यानं धाग्यांची टोकं बुजतात.

मी हे सगळं मामांना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, पाणी कुठून आणायचं?"

या प्रश्नाला मी तयार नव्हतो. साधी नळी मिनिटाला साधारण १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी ओतते. दहा मिनिटांत शंभर लिटर, आणि पार्किंगमध्ये चाळीस गाड्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं, तेव्हा मामांची मुलगी त्या शहरात शिकायला होती. त्या महिन्यात ती घागरीसाठी रांगेत उभी राहायची. "तवापासून नळी सोडून गाडी धुणारा माणूस दिसला की मला बघवत नाही," ते म्हणाले. कमी पाण्यात काम उरकणं ही त्यांची हयगय नव्हती. तो त्यांचा नेम होता, आणि रंगाच्या काळजीत मी तो मोडायला निघालो होतो.

वाट निघाली ती दोघांच्या मधून. विसळावं न लागणारा एक द्राव आता बाजारात मिळतो. आठ-दहा लिटर पाण्यात तो झाकणभर घातला की त्यातले पॉलिमर मातीच्या कणांना वेढून निसरडे करतात, त्यामुळे कण कपड्यात उचलले जातात. आधी याच पाण्याचा फवारा मारून धूळ भिजवायची, मग घडी घातलेला कपडा एका बाजूनं एकदाच फिरवायचा, बाजू बदलायची, घडी संपली की नवा कपडा. एका बादलीत एक गाडी, आणि नळी नाहीच. चिखलानं माखलेल्या गाडीला हे चालत नाही, तिला आधी पाण्याची धार लागतेच. पण रोजच्या धुळीला पुरतं.

वरून काय लावायचं

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे खर्च करतात.

सगळ्यात जुनं आणि स्वस्त म्हणजे मेण. उत्तम समजलं जाणारं कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. कोरड्या, तळपत्या हवेत पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच ते पांघरतं. ८२ ते ८६ अंशांना वितळणारं हे मेण कठीण आणि झळाळदार असतं, पण आपल्या उन्हाळ्यात काही आठवडेच टिकतं. कृत्रिम सीलंट काही महिने जातात. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीआधी एकदा हातानं लावलेला सीलंट बहुतेक गाड्यांना पुरेसा असतो.

सिरॅमिक कोटिंग त्याहून टिकाऊ, काही वर्षांचं. सिलिकावर आधारलेला हा द्रव रंगावर घट्ट थर धरतो. त्यावर मळ कमी चिकटतो, विष्ठेला आणि चिकट्याला थोडी जास्त मुदत मिळते, धुणं सोपं होतं. पण तो थर फार तर एक-दोन मायक्रॉनचा असतो. जाहिरातीतलं '९ एच' हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. वाळूचा कण त्याला जुमानत नाही. जड पाण्याचे डाग त्यावरही पडतात. कोटिंगआधी गाडीचं रबिंग होतं, म्हणजे जो थर वाचवायचा त्यातलाच काही आधी खर्च होतो, हेही विचारात घ्यावं. नव्या गाडीला लावायचं असेल तर शक्य तितकं कमी घासून लावा, असं आग्रहानं सांगावं.

दगडाच्या टवक्यापासून खरं संरक्षण देते ती फक्त पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहून जाड. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरची पाती उडत्या वाळूपासून वाचवायला अशा फिल्मचा वापर सुरू झाला. महाग आहे. सतत द्रुतगती महामार्गावर फिरणाऱ्यानं बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यालाच लावली तरी बराच उपयोग होतो.

कव्हर धुतलेल्या, कोरड्या गाडीवरच घालावं. हवा खेळेल असं असावं आणि पट्ट्यांनी घट्ट बांधावं. धुळीच्या गाडीवर टाकलेलं सैल कव्हर वाऱ्यानं दिवसभर फडफडतं, म्हणजे दिवसभर कुणीतरी कोरडं फडकं मारत राहतं. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात आत घाम धरतं.

ही सगळी साधनं थोडी मुदत मिळवून देतात. हात चुकीचा पडत असेल, तर त्यांच्यावरही रेघाच उमटतात.

मामांचा हात

आणि आपल्या शहरांत तो हात बहुतेकदा आपला नसतो. पहाटेच्या अंधारात, मोजक्या पाण्यावर, दोन तासांत वीस-बावीस गाड्या पुसणाऱ्या माणसाचा असतो. त्याला आपण महिन्याचे पैसे रोज पुसण्यासाठी देतो. एक दिवस गाडीवर धूळ दिसली तर विचारतो, आज आला नव्हता का? म्हणजे कोरडं फडकं मारायला आपणच त्याला भाग पाडतो. ओरखडे त्याच्या निष्काळजीपणाचे म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही. ते आपण ठरवलेल्या कामाचे आहेत.

जानेवारीत सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला. आधी लोकांना तो अगदी किरकोळ वाटला. मग काळ्या गाडीच्या मालकांनी मोबाइलवरचा बॉनेटचा फोटो दाखवला आणि आपापल्या गाड्या बघायला पाच-सहा जण खाली उतरले. ठरलं ते असं: रोज पुसणं बंद. रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि पाखरांचे डाग. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी नीट धुणं. पैसे तेवढेच नाहीत, थोडे जास्त, कारण हे काम कौशल्याचं आहे. द्राव, फवारणीचा पंप आणि मायक्रोफायबरचे साठ कपडे सोसायटीचे. कपडे धुवायला एक नळ आणि वाळवायला एक दोरी.

काळ्या गाडीचे मालक ओरखडे काढून घ्यायला उस्तादांकडे गेले होते. उस्तादांनी बॉनेटला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि म्हणाले, "काढतो म्हणाल तर आज काढीन. पण मग पुढच्या वेळी काढायला काही उरणार नाही. राहू द्या. नवीन पडू देऊ नका." मालकांनी गाडी तशीच परत आणली. उन्हात ते जाळं अजून दिसतं.

परवा पहाटे खाली गेलो, तर मामा त्याच गाडीशी होते. टपावर फवारा मारून ते बाजूला उभे राहिले होते. कपडा हातात, घडी केलेला, पण हात स्थिर. मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांनीच खूण केली, थांबा. टपावरून धुळीचे मातकट ओघळ काचेवर आले, काचेवरून बॉनेटवर उतरले, बॉनेटच्या कडेवरून टपटप खाली पडले. शेवटचा ओघळ स्वच्छ पाण्याचा आला, तेव्हा मामांनी कपड्याची पहिली घडी उलगडली.